देवी आमची की गावाची

६ ऑगस्ट, मंगळ.
शाळेत शेवटचा तास घेऊन सांगवीला घरी न येता थेट चिखलीला. देवीचा गाभारा बंदच. देवळाच्या केसचा निकाल लागेपर्यंत पूजा ना दादाने करायची, ना गावाने. सकाळी कुणी तिऱ्हाईत पुजारी येतो, उरकून जातो. जाळीतून पाहिलं. देवीच्या निऱ्या कशातरीच खोचलेल्या. लग्न होईपर्यंत तिला साडी नेसवायचं काम माझं. हात नुसते शिवशिवले.
देवळाला लागूनच दादाचं घर, माझं माहेर. दादा म्हणाला, "आजोबांनी आपल्या जागेत बांधलेलं देऊळ. आणि गाव म्हणतं, सार्वजनिक न्यास करा!" त्याने गेट बसवलं, दर्शनाच्या वेळा लावल्या, तिथून हे पेटलं. ते मी बोलले नाही. वहिनीचा चहा घेऊन निघाले.

१९ ऑगस्ट, सोम.
राखी. ओवाळून झाल्यावर दादा म्हणाला, "साक्ष दे. एवढंच सांगायचं, देऊळ घरचं, लोक आबांना विचारून आत यायचे."
हो म्हणाले. राखीच्या दिवशी नाही कसं म्हणायचं?
आबा असते तर लेकीवर ही वेळच...

१ सप्टें., रवि.
तात्या घरी आले. आबांचे जिवाभावाचे मित्र. गावातर्फे अर्ज त्यांनीच केलाय. खुर्चीत नीट टेकलेही नाहीत. "पोरी, जागा तुमची हाय, न्हाई कोन म्हनतंय? पन दगड गावानं वाहिल्यात. तू कुनाकडनं बी बोल, खोटं तेवढं बोलू नगंस." चहा नको म्हणाले. लहानपणी मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारा माणूस.
ह्यांचं मत, जाऊच नकोस, आजारी आहे म्हणून कळव.

२४ सप्टें., मंगळ.
पुणे. धर्मादाय ऑफिस. साक्ष झाली.
दादाच्या वकिलांनी विचारलं ते सांगितलं. जागा आमची, पूजा आमची. खरंच आहे ते. मग गावाचा वकील उठला. "बाहेरचे लोक तुमच्या वडिलांची परवानगी घेऊन दर्शनाला यायचे का?"
डोळ्यांपुढे एकदम सकाळ. फर्स्ट शिफ्टला निघालेली माणसं डबा पायरीवर ठेवून आत जायची. मराठवाड्यातून नव्याने आलेल्या बायका ओटी घेऊन यायच्या, आई त्यांना बसवून घ्यायची. आबा बहुतेक वेळा आंघोळीला गेलेले असायचे.
"नाही," म्हणाले. "कुणी विचारत नसे. आबा म्हणायचे, ती माणसं तिच्याकडे आलीत, माझ्याकडे नाही."
साहेबांनी लिहून घेतलं. दादा मान खाली घालून. जाताना त्याच्या गाडीतून गेले होते. येताना बसने.

८ ऑक्टो., मंगळ.
नवरात्र. ओटी जाळीबाहेरच ठेवली. वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होती. मला पाहून बादली तिथेच टाकून आत गेली. दादाची चप्पल दारात होती. म्हणजे घरातच.
शेजारच्या वर्कशॉपच्या ऑइलचा वास आणि धूप, दोन्ही मिसळून. जगात दुसरीकडे कुठे येत नाही तो वास. बराच वेळ उभी राहिले. कुणी ये म्हणालं नाही.

३ नोव्हें., रवि.
भाऊबीज. बासुंदी केली, त्याला आवडते म्हणून. आला नाही. हे म्हणाले, फोन कर. नाही केला. पाट मात्र संध्याकाळपर्यंत उचलवेना.

११ फेब्रु., मंगळ.
निकाल. सार्वजनिक न्यास. माझ्या साक्षीचा उल्लेख आहे म्हणे त्यात. दादा अपिलात जाणार, म्हणजे गाभारा आणखी किती दिवस बंद कोण जाणे.
दुपारी तात्यांचा फोन. "इश्वस्तांत घरचं एक मानूस पायजे. तुझं नाव घालतो. पुढंमागं गाभाऱ्यात जाशील परत."
गाभाऱ्यात. भर स्टाफरूममध्ये डोळे भरून आले.
"दादाला घ्या ना."
"त्यो न्हाई म्हनतो. सही केली म्हंजी हारलो, आसं त्याचं. तू रविवारपातुर सांग."

१६ फेब्रु., रवि.
तात्यांना काही कळवलं नाही. मनातून हो म्हणायचंय. फार म्हणायचंय. पण रोज त्याच्या अंगणावरून जायचं, आणि त्याने तोंड फिरवायचं...
सकाळी दादाला फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं.
"बोल," म्हणाला.
साक्षीनंतर पहिल्यांदा आवाज ऐकला. थकलाय. आबांसारखा वाटला. काय काय ठरवून ठेवलं होतं, सगळं गेलं. पलीकडे वहिनीचा मिक्सर चालू होता, तोही थांबला.
मी बोलेना. तो ठेवेना.