पेन्सिलीने लिहिलेला गोल

बाबा, "जो गोल आपण पाहिला नाही, तो आपल्या वहीत नाही," असं तुम्ही इंग्लंडमधल्या आपल्या स्लाऊच्या घरात, वेअरहाउसचं जाकीटही न काढता म्हणाला होतात. नागपुरात तुम्ही क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर होतात. इथे आल्यावर फुटबॉलमधल्या त्या अमेरिकन स्ट्रायकरने तुम्हाला का वेड लावलं, ते मला कधी कळलं नाही. देशासाठी तिने केलेला प्रत्येक गोल, टीव्हीवर दिसला तर, तुम्ही उतरवून ठेवायचात: मिनिट, पाय की डोकं, पास कुणाचा. आई म्हणायची, "यांना जरा स्वतःच्या मुलीचा वाढदिवस विचारा." मग तुम्ही मुद्दाम चुकीची तारीख सांगायचात.

वर्ल्ड कपचा तो सामना सकाळी होता आणि तुम्ही हॉस्पिटलमध्ये. वॉर्डात टीव्ही नव्हता. "तू बघ. तुझे डोळे ते माझेच," म्हणालात. स्वतःचा नियम तुम्ही पहिल्यांदाच मोडत होतात, माझ्या भरवशावर. मी हो म्हटलं आणि ऑफिसला गेले. बायकांच्या फुटबॉलसाठी रजा मागायची मला लाज वाटली. दुपारी तुमच्या कॉटशेजारी बसून मी एक गोल रचला. एकसष्टावं मिनिट, डावीकडून क्रॉस, हेडर. जिंकल्या, असंही सांगितलं. "कीपर कुठे होती?" तुम्ही विचारलंत. पुढे आली होती, मी म्हटलं. सुई टोचलेल्या हाताने तुम्ही सावकाश लिहून घेतलंत. घरी आल्यावर कळलं, त्या हरल्या होत्या आणि तिने गोल केलाच नव्हता. उद्या सांगू म्हणत आठवडा गेला, आणि तुम्हीही गेलात.

ती निवृत्त होऊनही वर्षं झाली. परवा माझी लेक तुमची वही चाळत होती. "आई, बाकी सगळे पेनने आहेत, मग हा एकच गोल पेन्सिलने का आहे?" मला उत्तर येतं, पण मी चहा ठेवायला उठले. खात्री होईपर्यंत स्कोअरर पेन्सिलच वापरतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. भांडी घासताना मध्येच हात थांबतो. मी खोटं सांगतेय हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, की नंतर कुणाच्या पेपरात खरा निकाल वाचलात? मग मला विचारलं का नाहीत? खोडरबर तर उशाशीच होतं, तरी ती ओळ खोडली नाहीत.

तो सामना आता फोनवर सहज सापडतो. मी अजून लावलेला नाही. तुम्ही नाहीच म्हणाल, तरी विचारते: ती एक ओळ मला पेनने गिरवू द्या.