मांडवात दिलेला कॅमेरा

बाबा,

परवा नातीने विचारलं, विकायला म्हणून फोटो काढायचे तर सुरुवातीला कोणता कॅमेरा घ्यावा, फार महागाचा नको पण काम भागलं पाहिजे. तिला इंटरनेटवर फोटो विकायचे आहेत. बापाला विचारून झालं, मैत्रिणींना विचारून झालं, मग कोणीतरी तिला सांगितलं असेल की आजी फोटो स्टुडिओवाल्याची मुलगी आहे. मी म्हटलं, कोणताही घे, पण लग्न ठरलं की तो कोणाला दिसणार नाही अशा जागी ठेव. ती हसली. तिला वाटलं, आजी गंमत करते आहे. मी गंमत करत नव्हते, पण ते तिला समजावत बसले असते तर तुमच्याबद्दल जे बोलावं लागलं असतं ते तिच्यासमोर बोलायची माझी तयारी नव्हती. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा मान राखायची सवयही आता सुटत चालली आहे.

आपला भंडाऱ्याचा स्टुडिओ पितळी भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत अगदी शेवटी होता. तुम्ही पुढे गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून मान डावीकडे, हनुवटी खाली करत असायचे आणि मी मागच्या खोलीत खिडकीशी निगेटिव्ह धरून त्यावर शिसपेन्सिल चालवायची. देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं, कपाळावरच्या आठ्या, सगळं भरून काढायचं. मॅट्रिक झाल्यापासून तेच माझं काम होतं. भंडाऱ्यातल्या अर्ध्या मुलींची लग्नं माझ्या पेन्सिलीने जमली असं तुम्हीच लोकांना सांगायचे, आणि लोक हसायचे. तेव्हा मलाही हसू यायचं.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. खताच्या कंपनीचा एक माणूस दुकानात आला, त्याला पत्रकावर छापायला धानाच्या रोवणीचा, म्हणजे भातलावणीचा, रंगीत फोटो हवा होता. तुम्ही म्हणालात, माणसं असतील तर माणसांचे फोटो आहेत, रोवणीचा कोण काढतो? तो बिचारा चहा पिऊन गेला, पण जाताना एक सांगून गेला. मुंबईत एक मंडळी होती, ती असे कोणाचेच नसलेले फोटो जमवून ठेवायची. शेत, बैल, तळं, बाजार. कॅलेंडरवाले, पुस्तकवाले, बियाणांच्या कंपन्या त्यांच्याकडून फोटो घ्यायच्या, आणि ज्याने काढला त्याला त्यातला वाटा मिळायचा. मी मागच्या खोलीतून सगळं ऐकत होते. त्या दिवसापासून माझं पेन्सिलीत लक्ष लागेना. लोकांची तोंडं सारखी करून मी कंटाळले होते. मला असं काहीतरी काढायचं होतं जे खोडून दुरुस्त करावं लागणार नाही. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "आपल्या धंद्यात ज्याचं तोंड तो पैसे देते. तलाव पैसे देईन का तुले?"

पण तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. उलट तुम्हीच मला एसटीत घालून नागपूरला घेऊन गेलात, सीताबर्डीतल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात. तो दिवस मी विसरायचा खूप प्रयत्न केला, कारण तो चांगला होता. दुकानदाराने आधी नवाकोरा डबा कॅमेरा पुढे केला, सगळ्यांत स्वस्त. तुम्ही तो हातातही घेतला नाही. "ऊन असन तं फोटो, नाही तं रामराम," म्हणालात. मग त्याने बारक्या फिल्मचा कॅमेरा दाखवला. तो माझ्या मनात भरला होता, हलका होता आणि एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघायचे. तुम्ही मला बाजूला घेतलंत. "छत्तीस निघते हे खरं, पण मुंबईवाल्याले मोठी फिल्म लागते. नखाएवढ्या तुकड्यावरून कॅलेंडर छापते काय कोणी? विकाचं आहे तं घेणाऱ्याच्या डोळ्यानं पाह्य." मग कोपऱ्यातून निघाला तो दोन भिंगांचा, वरून वाकून पाहायचा, परदेशी पण कोणाचा तरी वापरलेला. कातडं सोललेलं होतं. मी नाक मुरडलं. तुम्ही म्हणालात, "कातडं गेलं तं जाऊ दे. काच पाह्य." तुम्ही भिंग ट्यूबलाइटसमोर धरून बुरशी शोधलीत. शटर सगळ्यांत सावकाश गतीवर लावून माझ्या कानाशी धरलंत आणि विचारलंत, अडकते का? नाही अडकत, मी म्हटलं. अर्ध्याहून जास्त पैसे माझ्या पेन्सिलीचे होते. उरलेले तुम्ही घातलेत, आणि पुढे तुम्हाला तेवढेच लक्षात राहिले.

रोवणीच्या दिवसांत मी करडीला मावशीकडे गेले. पहिले दोन दिवस कॅमेरा टॉवेलमधून बाहेरच काढला नाही, कारण बायका बिचकायच्या. तिसऱ्या दिवशी बांधावर बसले तर एकीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "काहून वं, आमचे फोटो काहून काढून राहिली? कोनाले देशीन?" मी सांगितलं, कोणाला नाही, आलेच तर कॅलेंडरवर येतील. "कॅलेंडरवर? देव झालो का आमी?" सगळ्या खो-खो हसल्या. मग चिखलाने भरलेल्या हातांनी पदर सारखे करून रांगेत ताठ उभ्या राहिल्या, सरळ कॅमेऱ्याकडे बघत, अगदी तुमच्या स्टुडिओतल्यासारख्या. त्यांना परत वाकायला लावता लावता माझी पुरेवाट झाली. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि रंगीत रोल इतका महाग की बटण दाबायच्या आधी मी श्वास धरून ठेवायची. त्या बारांतले तीन मुंबईवाल्यांनी ठेवून घेतले. आणखी पाठवा म्हणून कळवलं, तलाव पाठवा, कापणी पाठवा. तुम्ही ते पत्र गल्ल्याच्या काचेखाली ठेवलंत आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलंत. पोरगी मुंबईले फोटो विकते, म्हणायचे. मी पेन्सिलीचं काम करता करता ऐकायची आणि मला वाटायचं, आता माझं ठरलं. माझं आयुष्य काय असणार ते मला कळलं.

चैत्रात मी मोहफुलांचा रोल घातला. सकाळी दव असताना झाडाखाली फुलं वेचणाऱ्या बायका, खाली पिवळा सडा. आठ फोटो काढून झाले, चार उरले होते. ते तळ्याचं पाणी आटल्यावर काढायचे असं ठरवून कॅमेरा पेटीत ठेवला. आणि वैशाखात माझं लग्न झालं.

लाखनीला हायवेवर टायरचं दुकान, एकुलता एक मुलगा, तुम्हाला स्थळ सोन्यासारखं वाटलं. मला माणूस वाईट वाटला नाही. आपल्याकडची रीत, जेवायच्या पंगतीत नवरदेव रुसतो. ताट पुढे असतं आणि तो घास उचलत नाही, सासऱ्याने काहीतरी द्यावं म्हणून. कोणी घड्याळ देतो, कोणी सायकल. यांना स्कूटर हवी होती आणि मित्रांनी चढवून ठेवलं होतं. वाढपी खोळंबले, वरणावर साय धरली. तुम्ही हात जोडून उभे होतात, मी शेजारी मान खाली घालून बसले होते. मग तुम्ही घरात गेलात. मला वाटलं, कोणाकडून तरी उसने पैसे आणायला गेले असतील. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमच्या हातात माझा कॅमेरा होता. तुम्ही तो यांच्या गळ्यात अडकवलात. "घ्या जवाईबापू, फॉरेनचा माल आहे, भंडाऱ्यात असा दुसरा नाही." टाळ्या पडल्या. नवरीने पंगतीत तोंड उघडायचं नसतं, आणि उघडलं असतं तरी काय म्हणणार होते?

पण मला कॅमेऱ्याबद्दल लिहायचं नाही, त्याच्या पुढच्या क्षणाबद्दल लिहायचं आहे. मित्र म्हणाले, उघडून दाखव. यांनी खटका ओढला आणि मागचं झाकण सताड उघडलं, भर दुपारच्या उन्हात. आत माझा मोहफुलांचा रोल होता, उजेड लागला की त्यावरचं सगळं गेलं. तुमच्या दुकानात एकदा कामाच्या माणसाने चुकून झाकण उघडलं होतं, तेव्हा तुम्ही त्याला दिवसभर दुकानात पाय ठेवू दिला नव्हता. त्या दिवशी तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होतात. रोल तुम्हाला दिसला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नुसतं "थांबा" म्हटलं असतं, तरी आतला थोडा तरी वाचला असता. तुम्ही म्हणालात, "वाढा, वाढा, जिलेबी वाढा." कॅमेरा दिला म्हणून मी तुमच्यावर रागावले असते आणि कधीतरी तो राग गेलाही असता, गरजू बाप असेच करतात. पण तुम्ही फोटोग्राफर होतात. तुम्हाला कळलं होतं.

यांनी तो कॅमेरा सहा महिने मिरवला. ट्रकला टेकून मित्र, हॉर्न वाजवणारे मित्र, गॉगल लावलेले मित्र. निम्मे फोटो यायचेच नाहीत. नंतर कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात. मी एकदा विचारलं, करडीला जाते, नेऊ का? "महागाची वस्तू आहे, बाईमाणसानं कायले फिरवाची?" ते रागाने म्हणाले नाहीत, काळजीने म्हणाले. मारझोड नाही, दारू नाही, लोक म्हणायचे नशीब काढलं. मुंबईहून आणखी दोनदा पत्र आलं, मग यायचं थांबलं. पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा मी तुम्हाला विचारलंच, काहून दिला? तुम्ही पान लावत होतात. "घरातल्या घरातच तं राहिला. तुह्याच घरी आला ना?" हे तुम्ही इतक्या सहज बोललात, की मला क्षणभर वाटलं, चूक माझीच असेल.

दोन-तीन वर्षांनी यांच्या दुकानात एका बियाणे कंपनीचं कॅलेंडर आलं. जून महिन्यावर माझ्या करडीच्या बायका होत्या, वाकलेल्या, मागे पांढरं आभाळ. माझं नाव कुठेच नव्हतं, ते असायचंही नसतं. मी यांना म्हटलं, हा माझा फोटो आहे. ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "ऐकलं का, बायको म्हनते हा तिनं काढला," आणि दोघं हसले. वाटा म्हणून काही आलं असेल तर ते तुमच्या पत्त्यावर आलं असेल. मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाही. जून संपला तेव्हा यांनी पान फाडून त्यात बोल्ट बांधून दिले.

तुम्ही गेलात त्या वर्षी लाखनीत पहिला रंगीत टीव्ही आला होता. निरोप मिळाला तसे आम्ही भंडाऱ्याला आलो. यांनी कॅमेरा बरोबर घेतला होता. न्यायच्या आधी शेवटचा फोटो काढायचा असतो, तुमचा स्टुडिओ बंद होऊन वर्ष झालं होतं आणि गावातला दुसरा फोटोवाला लग्नाला बाहेरगावी गेला होता. तुम्हाला ओसरीत भिंतीला टेकवून बसवलं, हार घातला, मागे सगळे नातेवाईक उभे राहिले. यांना जमेना. त्या कॅमेऱ्यात वरून पाहिलं की उजवं डावीकडे दिसतं. हे एकीकडे कॅमेरा सरकवायचे, तुम्ही काचेत दुसरीकडेच निघून जायचे. ऊन चढत होतं. काका शेवटी म्हणाले, "बापू, पोरीले द्या. तिले येते."

सात वर्षांनी तो माझ्या हातात आला. बायकांची रडारड चालूच होती, आई भिंतीला डोकं टेकून बसली होती. मी काचेत वाकून पाहिलं. तुमच्या कपाळावर ओसरीच्या पत्र्याची सावली पडत होती, मी दोघांना सांगून तुम्हाला थोडं पुढे घ्यायला लावलं. मागच्या लोकांना हललं तर चालणार नाही म्हणून दरडावलं, आणि सगळे, हे, काका, गावातले मोठे लोक, माझं ऐकून गप्प उभे राहिले. ढग सरकेपर्यंत मी त्यांना थांबवलं. मग एक फोटो काढला. तेवढ्याने झालं असतं, तरी मी आणखी एक काढला, मग आणखी एक. कोणाला घाई करता येईना. लोक नंतर म्हणाले, पोरीचं काळीज दगडाचं, बापासाठी एक टिपूस काढलं नाही.

खरं ते हे, बाबा. मला रडू आलंच नाही. तुम्हाला उचलून नेईपर्यंत कॅमेरा माझ्याकडे होता आणि मी खूश होते.