आल्यात जमा

नॉर्डबी, मिनेसोटा
३ ऑक्टोबर १९८८

प्रिय व्हर्लिनभाऊजींस,
स.न.वि.वि.

चाळीस मैलांवर राहणाऱ्या दिराला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही विचारता, कशा आहात वहिनी; मी म्हणते, मजेत; मग हवेबद्दल चार शब्द होतात आणि आपण फोन ठेवतो. सांगायचं ते तसंच राहतं. म्हणून कागद घेतला.

तुमच्या रेल्वेचं सप्टेंबरचं बिल आलं. नऊ डबे आम्ही जास्त दिवस ठेवून घेतले म्हणून डेमरेजचा दंड लावलाय. भाऊजी, डबा ठेवून घ्यायला तो आधी दारात यावा लागतो. त्या आठवड्यांत आमच्या गिरणीच्या रुळांवर नुसतं गवत होतं. यंदा पावसानं पाठ फिरवली, इथलं पीक उभ्या उभ्या वाळलं, म्हणून मका आणि सोयापेंड दोन्ही बाहेरून मागवते आहे. टर्कीवाले रोज आपल्या पक्ष्यांच्या खाद्यासाठी खेटे घालत होते. मग एके दिवशी पाच डबे एकदम येऊन उभे राहिले आणि त्यांच्या पाठोपाठ हे बिल. ऑगस्टचंही असंच होतं. ते मी निमूटपणे भरलं, घरच्या माणसाची रेल्वे म्हणून.

ट्रकवाला लोवेल क्रुगर येऊन गेला. वर्षभर सगळा माल ट्रकनं आणून द्यायला तयार आहे, आणि २१ तारखेला मला त्याला उत्तर द्यायचं आहे. मी त्याला हो म्हटलं तर तुमच्या गाडीला नॉर्डबीत यायचं कारणच उरत नाही, हे मला कळतं. तुम्ही तिघा भागीदारांनी मोठ्या रेल्वेनं टाकून दिलेला हा फाटा कसा उभा केलात, ते मी पाहिलंय. पण अशी आणखी दोन बिलं आली तर मला गिरणीला कुलूप लावावं लागेल. माझा हॅल्व्हर गेल्यावर पहिलं वर्ष मी ती त्याची म्हणून चालवली. आता ती माझी झाली आहे.

सासूबाईंची तब्येत छान. रोज माझ्याबरोबर गिरणीत येतात, फोनजवळ विणत बसतात, येईल त्याला कॉफी पाजतात. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

राग आला तर येऊ द्यावा, पण तो पत्रातून कळवावा. गप्प बसू नये.

आपली,
मेविस


ब्रेकन
७ ऑक्टोबर १९८८

ती. मेविसवहिनींस,
सा.न.वि.वि.

तुमचं पत्र बघून तुमची जाऊ लव्हॉन घाबरली. पाकीट हातात धरून विचारत होती, कोण गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही, वहिनींनी दिराची हजेरी घेतली आहे, असं सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. माझा अजून पडायचा आहे.

राग नाही. पण आमची बाजू ऐका. तुम्ही मालाचं भाडं देता ते मोठ्या रेल्वेला. त्यातून आमच्या वाट्याला डब्यामागे एक ठरलेली रक्कम येते. रुळांवर बर्फ असो की गवत, ती तेवढीच. बरं, डबेही आमचे नाहीत, दुसऱ्यांचे. आमच्या रुळांवर ते उभे असतात तोवर त्यांच्या मालकांना आम्ही तासावर भाडं भरत असतो. गिऱ्हाइकानं डबा अडकवला की ते भाडं आमच्या अंगावर येतं. म्हणून डेमरेज. दोन दिवस फुकट, तिसऱ्यापासून आकार सुरू. ही आमची कमाई वाटेल तुम्हाला, पण ती कमाई नाही, गळती बुजवणं आहे.

आता तुमचे नऊ डबे. डबा ब्रेकनला आला की ऱ्होंडा गिरणीत फोन करून विचारते, उद्या आणू का. ही ऱ्होंडा लुइझियानाची. नवरा हवाई तळावर आहे म्हणून इकडे आली, उन्हाळ्यापासून आमचं ऑफिस सांभाळते. नऊच्या नऊ वेळा गिरणीतून नको असं उत्तर आलं, असं तिनं लिहून ठेवलंय. गिऱ्हाइकानं नको म्हटलं तर डबा आमच्याकडे थांबतो, पण हिशेबाला तो गिऱ्हाइकाच्या दारात पोचला असंच धरतात. आमच्या भाषेत तो आल्यात जमा. घड्याळ तिथून सुरू होतं.

तुम्हाला जागा नव्हती की माणसं नव्हती, ते मला माहीत नाही. पण घरच्या गिऱ्हाइकाला बिल माफ केलं तर उद्या बाकीच्यांना काय तोंड दाखवू? कळवताना मलाच वाईट वाटतंय.

मन खट्टू करू नका, एवढंच मागणं.

तुमचा,
व्हर्लिन


नॉर्डबी
११ ऑक्टोबर १९८८

प्रिय व्हर्लिनभाऊजींस,
स.न.वि.वि.

आल्यात जमा हे शब्द मला ओळखीचे वाटले. हॅल्व्हर गेला त्या हिवाळ्यात लोक मला असंच धरून चालले होते. चर्चला येते, हसते, केक आणते, म्हणजे सावरल्यात जमा. मी कुठल्या स्टेशनात उभी होते, ते कुणी विचारायला आलं नाही. तुम्हीही नाही. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून झालंय, आता खोडत नाही.

मुद्द्याचं सांगते. मी एकाही डब्याला नको म्हटलेलं नाही. माल उतरवणाऱ्या ऑरिनला विचारलं, तो म्हणाला, बाई, पेंडीचा डबा नको म्हणायला मला वेड लागलंय का, टर्कीवाले मलाच खातील. रूळ रिकामे होते, माणसं हात बांधून बसली होती. म्हणजे तुमची ऱ्होंडा एक तर फोन करत नाही, किंवा ऐकलेलं नाही ते लिहिते. तिला समोर बसवून विचारा.

शुक्रवारी २१ तारीख. तोवर उत्तर आलं नाही तर मी लोवेलच्या कागदावर सही करीन. तुमच्यावरची माया आटली म्हणून नव्हे. गिरणी जगवायची आहे म्हणून.

आपली,
मेविस


ब्रेकन
१४ ऑक्टोबर १९८८

ती. मेविसवहिनींस,
सा.न.वि.वि.

हे पत्र बसून वाचा. हातात कॉफी असेल तर खाली ठेवा.

ऱ्होंडाजवळ खुर्ची ओढली आणि म्हटलं, तुझी नोकरी जात नाही, फक्त गिरणीतून काय उत्तर आलं ते शब्दाला शब्द सांग. तिला नकला छान येतात. तिनं मान तिरकी केली आणि सुरू झाली, की अगं नको गं बाई, एका डब्यासाठी एवढ्या लांब इंजिन कशाला हाकता, आमची मेली कसली घाई, तुमच्या सोयीनं आणा, आणि तू जेवलीस का.

वहिनी, तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय.

मी इतका हसलो की भागीदार एनार शेजारच्या खोलीतून बघायला आला. ऱ्होंडा मात्र रडकुंडीला आली. ती म्हणाली, आमच्याकडे बाई नको म्हणाली की तिला नको असतं. मी तिला समजावलं, की नॉर्डबीत पहिलं नको म्हणजे रीत. दुसरं नको म्हणजे पुन्हा विचारा. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणायचं, बरं, तुम्ही म्हणताच आहात तर. तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, चर्चच्या जेवणात मी कॉफीला पहिल्याच विचारण्याला हो म्हटलं तेव्हा सगळ्या बायका माझ्याकडे वळून का बघत होत्या, ते आज कळलं.

आता कामाचं. घाई नाही म्हणजे डबा नाकारला असं होत नाही. चूक आमच्या टिपणाची. दोन्ही महिन्यांचं डेमरेज रद्द, ऑगस्टचे पैसे परत. एनार एका शब्दानं आडवा आला नाही, त्याची आईही तसलीच आहे. डबेवाल्यांना भरलेलं भाडं आम्ही सोसू. आणि येत्या शुक्रवारपासून, २१ तारखेपासून, फोनचा प्रश्नच नको. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी नॉर्डबीला येणार, डबे असतील तेवढे घेऊन, कुणाला न विचारता. शिवाय एखादा डबा तुम्ही दिवसभरात रिकामा करून दिलात, तर वाचलेला दिवस तुमच्या बाजूनं धरू. दुसऱ्या डब्याला उशीर झाला तर त्यातून वजा.

हिवाळ्याबद्दल लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. मी तेव्हा फोन केला होता, येऊ का विचारायला. तुम्ही म्हणालात, कशाला, रस्ते वाईट आहेत. मी इथलाच, तरी पुन्हा विचारलं नाही. ऱ्होंडाला हसायचा मला काय अधिकार?

आईला मात्र तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही.

तुमचा,
व्हर्लिन


नॉर्डबी
१७ ऑक्टोबर १९८८

चि. व्हर्लिनला,
आईचे अ.उ.आ.

मेविसनं सांगितलं. सांगण्याआधी तिनं इतके आढेवेढे घेतले की मला वाटलं, हिचं दुसरं लग्न ठरलं. मी मनात म्हटलंही, बरं झालं. तर निघाली रेल्वे.

आता माझं ऐक. ईस्टरला माझ्याच टेबलाशी बसून तू म्हणाला होतास, की आई, एक डबा ओढला काय आणि पाच ओढले काय, डिझेल तेवढंच जळतं, आणि डब्यामागे मिळतं ते ठरलेलं. तेव्हा तुझे डोळे खोल गेले होते. मग ती पोरगी फोन करून विचारते, एक डबा आलाय, आणू का. आईनं काय म्हणावं? आण, जाळ माझ्या पोराचं डिझेल? मी म्हटलं, साठू देत चार-पाच, मग आणतील. मेविसला बोलले नाही, कारण ती लगेच आणा म्हणाली असती. टर्कीवाले ओरडत होते, पण ते कधी ओरडत नाहीत?

डबे भाड्याचे असतात, हे मला कुणी सांगितलं होतं? शेजाऱ्याचं भांडं आपल्याकडे राहिलं तर ते परत देताना त्यात काहीतरी घालायचं असतं, एवढं मला कळतं. तासावर पैसे घेणारा शेजारी मी पाहिलेला नाही.

त्या मुलीला लेफ्से, आपल्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, पाठवते आहे. तिला म्हणावं, तू जेवलीस का हे मी खरंच विचारत होते, आणि नऊ वेळा विचारूनही तिनं एकदाही सांगितलं नाही.

तुम्ही दोघं शहाणी माणसं दोन वर्षं एकमेकांशी हवेवर बोलत होतात. माझ्या चुकीनं का होईना, तोंडं उघडली. अंगात लोकरीचं घालत जा. लव्हॉनला आशीर्वाद.

तुझी,
आई


नॉर्डबी
२१ ऑक्टोबर १९८८

प्रिय व्हर्लिनभाऊजींस,
स.न.वि.वि.

सकाळी लोवेल क्रुगर कागद घेऊन आला. मी त्याला म्हटलं, नको. तो हसला, टोपी काढली आणि खुर्चीत ऐसपैस बसला. मी पुन्हा म्हटलं, लोवेल, खरंच नको. त्यानं दर थोडा कमी केला आणि पेन पुढे केलं. त्याचा तरी काय दोष, तो इथलाच. तिसऱ्यांदा नको म्हटल्यावर तर त्याचा चेहरा उजळलाच. शेवटी सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, लोवेल, ही नको म्हणते आहे ना, ते आपलं नको नाही, ते लुइझियानाचं नको आहे. त्याला काही कळलं नाही, पण कॉफी पिऊन गेला बिचारा.

दुपारी फाटकापाशी तुमच्या इंजिनाची शिट्टी ऐकू आली. तीन डबे होते, दोन मक्याचे, एक पेंडीचा. मी बाहेर जाऊन उभी राहिले. ब्रेक लागल्याचा तो कर्कश आवाज दोन महिने मला नुसता बिलासारखा ऐकू येत होता, आज गाडीसारखा आला. ऑरिनची माणसं लगेच वर चढली. पेंडीचा डबा आजच रिकामा होईल म्हणतात. वाचलेला दिवस आमच्या बाजूनं लिहून ठेवा, मी विसरणार नाही. पेंडीच्या धुळीनं सगळ्यांचे केस पिवळे झाले आहेत, माझेही. आत येऊन खुर्चीत बसले आणि बसल्या जागी डोळा लागला. सासूबाईंनी फोन उचलून बाजूला ठेवला होता, हे जाग आल्यावर कळलं. कितीतरी दिवसांनी अशी झोपले.

त्या हिवाळ्यात रस्ते तितके वाईट नव्हते, भाऊजी. तुम्ही यायला हवं होतं, आणि मी या म्हणायला हवं होतं.

रविवारी लव्हॉनला घेऊन जेवायला या. ऱ्होंडालाही आणा. मी एकदाच विचारते आहे.

आपली,
मेविस