आईची उमेदवारी

प्रिय बबडे,

फोनवर आपलं बोलणं हल्ली दुसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून कागद घेतला. इथे निदान तू मला मध्येच तोडू शकत नाहीस. जेवतेस का, झोपतेस का, असलं काही विचारत नाही. तुला चिडायला तेवढं निमित्त पुरतं.

मी वायरमनचं कॉलेज सोडलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना उगाच आशा लावून बसणार नाहीस. आठवड्यातून दोन दिवस वर्ग आणि बाकीचे दिवस कामावर, शिकाऊ उमेदवार म्हणून. वर्गातली पोरं मला मावशी म्हणतात आणि परीक्षेला माझ्या मागच्या बाकासाठी भांडतात. मावशी पेपर झाकत नाही, अशी माझी ख्याती झाली आहे. बिचाऱ्यांना अजून कळलेलं नाही, की गणित माझ्याही डोक्यावरून जातं. हात मात्र चांगला बसलाय. परवा नव्या इमारतीत पाइपातून वायरी ओढल्या, कुठे अडकल्या नाहीत, कुठे सोलल्या नाहीत. फोरमननं बघितलं आणि नुसती मान हलवली. हा माणूस कुणालाच बरं म्हणत नाही, त्यामुळे मी दिवसभर हवेत होते. संध्याकाळी घरी आले तर सांगायला कुणी नव्हतं. गुडघे शेकले आणि पडून राहिले.

तू जाताना म्हणालीस, ज्या कामानं बाबांना खाल्लं तेच तुला कशाला हवंय, घरातला एक गेला तेवढा पुरे नाही का? मी पोटापाण्याचं काहीतरी बोलले. पण पोट काय, शिलाईवरही भरलं असतं. मला कळून घ्यायचं होतं गं, की बाबा गेले म्हणजे नेमकं झालं काय. ठेकेदाराची माणसं घरी येऊन म्हणाली होती, चूक बाबांचीच झाली. मी त्यांना दारातूनच हाकललं होतं, तुला आठवत असेल. तेव्हापासून आपण दोघी मिळून ठेकेदाराला शिव्या घालत आलो. खोटं कशाला बोलू, त्या शिव्यांचा मला फार आधार होता.

मग एकदा वर्गात सरांनी होल्डरमध्ये साधा बल्ब लावला आणि त्याला दोन वायरी जोडल्या. बाबांच्या पिशवीत असायचा ना, तसाच. वीज बंद आहे की चालू हे बघायला त्याची टोकं लावायची. पेटला तर चालू, नाही तर बंद. पण सर म्हणाले, आधी तो जिथे वीज नक्की आहे तिथे लावून बघायचा, मग कामाच्या जागी, आणि मग परत पहिल्या जागी. कारण बल्बच गेलेला असेल तर तो कुठेच पेटणार नाही, आणि तुम्ही खुशाल समजाल की वीज बंद आहे. एवढं सांगून ते पुढच्या धड्याकडे वळले. मी वही मिटून ठेवली.

घरी येऊन बाबांची पिशवी माळ्यावरून काढली. बल्बाची काच शाबूत होती, पण आतली तार तुटलेली. बाबांच्या हातातून पडताना तुटली असेल, असं मनाला सांगून बघितलं. दुसऱ्या दिवशी फोरमनला गाठलं. तो तेव्हा बाबांच्या शेजारीच होता. आधी टाळत होता, मग खाली बघत सांगितलं. जेवायच्या सुट्टीआधी उरकायचं म्हणून बाबांनी बल्ब फक्त कामाच्या जागी लावला. पेटला नाही. बंद आहे, असं मोठ्यानं म्हणाले आणि हात घातला. कितीतरी पोरांना त्यांनी हेच शिकवलं होतं, फोरमनलाही त्यांनीच. मला इतका राग आला त्यांचा! तिथेच वाळूच्या ढिगावर बसून रडले. आता शिव्या घालायलाही कुणी उरलं नाही, बबडे. आणि तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, असं वाटलं.

पण पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. सोमवारपासून फोरमन मला पॅनलवर घेतोय, म्हणजे आता खरं विजेचं काम. आमच्याकडे प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये आतल्या बाजूला मार्करनं एक फोन नंबर लिहिलेला असतो, काही झालं तर कुणाला कळवायचं त्याचा. त्याशिवाय फोरमन कुणाला पॅनलच्या जवळ फिरकू देत नाही. पोरांच्या हेल्मेटमध्ये त्यांच्या आयांचे नंबर आहेत. बाबांच्यात माझा होता. माझं अजून कोरं आहे. कुणीच नसेल तर माझा लिहितो, असं फोरमन म्हणाला. मी त्याला थांब म्हटलं. तुझा लिहू का गं? मी प्रत्येक वेळी बल्ब तीनदा लावीन, जेवण थंड झालं तरी. पण तो फोन कधीच येणार नाही, असं वचन मला देता येत नाही. तो आल्यावर कसं होतं ते मला माहीत आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय लिहिला नाही.

तुझीच,
आई