अडतीस अंशांचा दिवस

१२ मार्च २००५

ती. हिराकाकीस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझे पापड दवाखान्यात दोन दिवसही टिकले नाहीत.

यंदा आमच्या आरोग्य खात्यात उन्हाळ्याची योजना ठरते आहे. पेपरातला तापमानाचा आकडा किती वर गेला की आम्ही सेविकांनी पत्र्याच्या चाळींत म्हाताऱ्या-आजाऱ्यांना बघायला फिरायचं, ते लिहायचंय. साहेब म्हणतात बेचाळीस. इथे तेवढा कधी जातच नाही. मला कमळाकरकाका आठवले. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘ताप’ लिहिलंय. त्या दिवशीचा पेपर तुझ्याकडे असेल? विचारायला जड जातं.

तुझी पुतणी,
दीप्ती

टोकावडे, २० मार्च

चि. दीप्तीस आशीर्वाद.

पापड दवाखान्याने खाल्ले की तू एकटीने, ते मला ठाऊक आहे.

पेपर आहे. पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेली बाई कागद टाकत नाही. १९ मे १९९८, अडतीस अंश. पण तो आकडा आमच्या तेव्हाच्या पत्र्याच्या खोलीचा नव्हता. बाबासाहेबांच्या फोटोपुढची मेणबत्ती न पेटवताच वाकून पडली होती.

तुझे काका रखवालीवरून दुपारी आले. अंगाचा चटका बसत होता, घामाचा टिपूस नाही. मुरबाडची गाडी चुकेल, असं बडबडत होते. घाम फुटला की ताप उतरतो, हेच मला माहीत. मी दार लावलं आणि आईच्या लुगड्यांची गोधडी त्यांच्यावर घातली. त्यांनी ती दोनदा लाथाडली. लहान पोरासारखं करू नका म्हणून मी रागावले आणि पुन्हा घातली. शेजारची लक्ष्मी अंगावर पाणी मारू का विचारत होती. गारठा भरंल गो, म्हणून मीच तिला परत पाठवलं. मग ते शांत झाले. मला वाटलं, झोप लागली.

सात वर्षं हे कोणाला सांगितलं नाही. तुझ्या योजनेत लिही. नाव घातलंस तरी चालेल.

काकी

६ मे

ती. काकीस जयभीम.

मेणबत्तीवर योजना होत नाही, असं साहेब म्हणाले. म्हणून एप्रिलभर अकरा खोल्यांत तापमापक टांगले. पेपरात सदतीस, तेव्हा पत्र्याखाली चव्वेचाळीस. परवा त्यांनी पत्र्याच्या घरांसाठी सदतीसवर सही केली.

त्याच्या आठवडाभर आधी चाळीतले सोमाआजोबा गेले. दार लावलेलं, अंगावर दोन गोधड्या. घाम यायची वाट बघत होतो, असं सून सांगत होती. मला तिच्याशी बोलवलं नाही.

आता पत्रकात पहिलीच ओळ आहे: पांघरूण काढा, ओलं फडकं अंगावर घाला, दवाखान्यात न्या. फडकी मात्र खातं देत नाही.

काकी, तुला ठाऊक नव्हतं गं.

दीप्ती

टोकावडे, १४ मे

चि. दीप्तीस आशीर्वाद.

ठाऊक नव्हतं, हे खरं. त्यांनी दोनदा लाथाडली होती, हेही खरं.

त्या सुनेकडे जा. तिला माझं सगळं सांग, नावासकट. ती एकटी नाही, एवढं तरी तिला कळेल.

गोधडी मी तशीच ठेवली होती. आता उसवली. आईचे टाके घट्ट, दोन दिवस लागले. नऊ फडकी निघाली. जीपवाल्या चांगोकडे देते आहे. चांगली भिजवून वापरा.

माया आटू देऊ नकोस.

तुझी,
हिराकाकी