तरंगता होल्डर

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरातला फोन चालू आहे, आणि तुझी आई त्याच्यावर तुझ्याशी रोज बोलते हेही मला ठाऊक आहे. पण मला जे सांगायचंय ते फोनवर सांगायला लागलो की तू मध्येच “बाबा, एक मिनिट” म्हणशील, मी थांबेन, आणि मग ते राहूनच जाईल. म्हणून लिहितोय. आई मजेत आहे. तिचा गुडघा आणि माझा स्वभाव, दोन्ही होते तसेच आहेत असं तिचंच म्हणणं आहे.

मागच्या खोलीत मी जुना लेथ आणून बसवला, ते तुला माहीत आहे. तो कुणाचा होता हे बहुतेक मी सांगितलं नव्हतं. पंप दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पत्नीने इतके दिवस तो ताडपत्रीखाली झाकून ठेवला होता. मी बघायला गेलो तेव्हा बाईंनी ताडपत्री काढली आणि स्वतः दारातच थांबल्या. मशीन उत्तम निघालं. गंज नावाला नाही. चौघांनी उचलून टेम्पोत चढवलं तेव्हा मी इतका खूश होतो की त्यांचा निरोप घ्यायचाही विसरलो.

दोष एकच निघाला. काम धरून फिरवणारा स्पिंडल आणि समोरून हत्यार धरणारा टेलस्टॉक, यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. टेलस्टॉक केसभर खाली आणि केसभर माझ्या बाजूला. तू हे रोज वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवतेस, तरी मी पहिल्यापासून लिहितो, कारण मलाच ते पायरी-पायरीने बघायचंय. ड्रिलने भोक पाडायचं आणि शेवटचा हात रीमरने फिरवायचा, म्हणजे भोक गुळगुळीत आणि नेमक्या मापाचं होतं. पण रीमर घट्ट धरलेला आणि तोच मुळात मध्यावर नसेल, तर भोकाचं तोंड भोंग्यासारखं पसरतं. माझे पाच जॉब असे भंगारात गेले. टेलस्टॉकचा तळ घासून बसवायचा तर पाठ नाही म्हणते. तेव्हा ठरवलं की तरंगता होल्डर करायचा. म्हणजे रीमरला घट्ट धरायचंच नाही. जरासा सैल सोडायचा, की तो आपलं भोक आपण शोधतो. तुला सायकल शिकवताना मी सीट सोडलं होतं ना, तसं. तू “सोडू नका, सोडू नका” म्हणून ओरडत होतीस आणि मी केव्हाच मागे उभा राहून हसत होतो.

हा होल्डर दोन भागांचा असतो. मागचा भाग टेलस्टॉकमध्ये बसतो, त्याच्या सपाट तोंडावर आट्यांची तीन भोकं. पुढचा भाग म्हणजे रीमर धरणारी चकती. तिलाही तीन भोकं, पण स्क्रूपेक्षा मोठी, म्हणजे चकती इकडेतिकडे थोडी सरकते. मी मागचा भाग आधी केला, एका छापखान्याच्या मोडक्या रोलरच्या दांड्यातून. कडेला एक खड्डा होता, तो टाळायला भोकांचं वर्तुळ चाळीसऐवजी सदतीस मिलीमीटरचं घेतलं. असलं माप कोणी शहाणा माणूस घेत नाही. साठ दातांचं गियर लावून, वीस-वीस दात मोजून मी भोकं पाडत होतो. तिसऱ्याच्या वेळी स्वयंपाकघरातून आईची हाक आली, दूध उतू गेलं होतं. मी “आलो” म्हटलं आणि वीसऐवजी एकवीस दात मोजले. भोक जवळजवळ दोन मिलीमीटर सरकलं. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला ही चूक सांगतानाही लाज वाटते. मग मनाशी म्हटलं, चकती याच्याच मापाने करू, कुणाच्या बापाला कळणार आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्या बाई आल्या. हातात पत्र्याचा डबा. म्हणाल्या, “मशीनबरोबरच्या काही वस्तू राहून गेल्या होत्या.” आईने त्यांना बसवलं, चहा ठेवला. मी तिथेच टेबलावर डबा उघडला. नट फिरवायचे दोन पाने, एक टोकदार सेंटर, थोडे जुने टूल, आणि तळाशी फडक्यात बांधलेलं काहीतरी. सोडून पाहिलं तर चकती. रीमर धरणारी, तीन भोकांची. काम इतकं सुबक की मला क्षणभर हेवाच वाटला. सहज व्हर्नियर लावलं. भोकांचं वर्तुळ सदतीस. मी परत मोजलं. मग चष्मा पुसून परत मोजलं.

आत जाऊन माझा भाग घेऊन आलो आणि चकती त्याच्या तोंडावर ठेवली. पहिला स्क्रू गेला. दुसरा गेला. तिसरा अडकणारच म्हणून मी तो दोन बोटांनी हलकेच फिरवला. तो गेला. शेवटपर्यंत, लोण्यात गेल्यासारखा. चकती चारही बाजूंना सारखी सरकत होती, जेवढी सरकायला हवी तेवढीच.

मी बाईंना विचारलं, याचा मागचा भाग कुठे आहे? त्या म्हणाल्या, “तो त्यांनी केलाच नाही. मीही विचारलं होतं, अर्धंच का केलंत? तर म्हणाले, अर्धं दुसरीकडे होतंय. कोण करतंय म्हटलं, तर म्हणाले, ते मला काय ठाऊक?” मग त्यांनी हात पुढे केला आणि चकतीच्या त्या सरकलेल्या भोकावर बोट ठेवलं. “हे चुकलं माझ्यामुळे. दूध उतू गेलं म्हणून मी हाक मारली होती.”

आई चहा घेऊन दारात उभी होती. मी उठून तिच्या हातातला ट्रे घेतला.

बाई पुढे जे बोलल्या ते अगदी साधेपणाने, कुणाच्या आजारपणाची हकिगत सांगावी तसं. ती चकती झाल्यावर त्यांच्या मिस्टरांनी मशीन पुसून काढलं आणि परत चालवलं नाही. करमत नाही का विचारलं तर म्हणायचे, माझं झालं. नुसते स्टुलावर जाऊन बसायचे. एकोणिसाव्या दिवशी दुपारी तिथेच बसलेले सापडले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. त्याच डॉक्टरांनी आधीच्या महिन्यात त्यांना ठणठणीत म्हटलं होतं. बाई गेल्यावर आईने एकच वाक्य उच्चारलं, “ते त्यांचं त्यांना परत देऊन टाका.” मी हो म्हटलं, आणि दिलं नाही. तू मला ओळखतेस.

होल्डर लावून पाहिला. ठमे, आयुष्यात असं भोक मी पाडलं नव्हतं. आत आरशासारखं, तोंड आणि तळ एकाच मापाचे. पण मशीन बंद केल्यावर एक गोष्ट दिसली. सैल चकती स्वतःच्या वजनाने खाली टेकून राहायला हवी. ही वर उचललेली होती, जरा पलीकडे, अगदी स्पिंडलच्या मध्यावर. बोटाने खाली ढकलली तर हळूच परत वर आली. ग्रीसचा चिकटपणा असेल म्हणून रॉकेलने धुतली, कोरडी केली. तरीही तेच. कुणीतरी खालून बोटाचा आधार दिल्यासारखी. त्यानंतर मी ती खोलीत एकटा असताना हाताळत नाही. आईला कांदे निवडायला तिथे बसवतो. ती विचारते, इथेच का? मी म्हणतो, उजेड चांगला आहे.

आता खरं सांगायचं ते. मागच्या बुधवारी मी फाटकाच्या बिजागरीसाठी बुश, म्हणजे आत बसणारी छोटी नळी, करायला बसलो. साधं अर्ध्या तासाचं काम. आईने जेवायला हाक मारली तेव्हा अडीच तास झाले होते आणि माझ्या हातात बुश नव्हता. दुसरंच काहीतरी होतं. पूर्ण झालेलं, कडासुद्धा मोडलेल्या, म्हणजे त्यांची धार घासून काढलेली. ते कशाचं आहे मला सांगता येणार नाही, पण इतकं कळतं की ते एकट्याने कामाचं नाही. त्याला जोडीला दुसरा भाग लागतो. त्यात एक चूक आहे, माझ्या हातून कशी झाली ते आठवत नाही. त्या दिवसापासून मला मशीन चालवावंसं वाटत नाही. खूप शांत वाटतं. दुपारी मी जाऊन स्टुलावर बसतो. आज सहावा दिवस. प्रकृती उत्तम आहे, परवाच डॉक्टरांना दाखवून आलो, ते ठणठणीत म्हणाले.

हे सगळं मी माझ्यापाशीच ठेवणार होतो. पण काल रात्री जेवताना आई हसत हसत सांगत होती की तू फोनवर म्हणालीस, माझ्या इथल्या घरच्या लेथवर गेले चार दिवस काहीतरी करतेय, काय ते माझं मलाच माहीत नाही, पण हात थांबत नाहीत. तिला ती गंमत वाटली. माझा घास हातातच राहिला. ठमे, माझ्याकडे जे आहे त्याचं माप, आकार, चुकीची जागा, यातलं काहीच मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. तू आत्ता जे करते आहेस त्याचं चित्र काढ, मापं घाल, आणि कुठे चुकली असशील तर तेही लिहून पाठव. जुळलं नाही तर दोघं मिळून या म्हाताऱ्याला पोटभर हसू. आणि पत्र हातात पडेपर्यंत ते संपत आलं असेल, तर बाळा, तेवढं एक ऐक. शेवटचा हात फिरवू नकोस. एक भोक पाडायचं ठेव, एक कड मोडायची ठेव, काहीही ठेव, पण ते अर्धवट राहू दे. आणि पत्राचं उत्तर पत्राने न देता स्वतः ये. जमलं तर या आठवड्यातच.

वाट बघणारा,
तुझाच,
बाबा