दारावरची शिवी

१२ डिसेंबर
हदिझा साक्षरता वर्गाला जाते! माझी मामेबहीण. आमच्या मलानव्हिलच्या बाजारात जन्मभर कांदे विकले, आणि आता या वयात पाटी. तीही फ्रेंचची नाही — देन्दीची, आमच्या घरच्या बोलीची! देन्दी बोलायची असते. कॉन्व्हेंटात देन्दीचा शब्द निघाला की सिस्टर शिक्षा म्हणून गळ्यात हाडूक बांधायच्या. ती आता लिहायची म्हणे!

१९ डिसेंबर
माझ्या दारावर खडूने खरडलंय. अक्षरं अर्धी फ्रेंचमधली, ओळखीची, बाकी भलतीच — पाठमोरा ई, शेपटीवाला न. निवृत्त मुख्याध्यापिका मी, आणि त्याच वर्गाला जाणाऱ्या शेजारणीला वाचायला बोलवावं लागलं! तिने गल्लीभर ऐकू जाईल असं वाचलं: "शेळे, तुझ्या भेंडीच्या कालवणाला मांजरही तोंड लावत नाही."
वर म्हणते, "खरंच लिहिलंय, मादाम!"
हदिझाचंच काम! आते-मामेबहिणींनी एकमेकींना शिव्या द्यायच्या आणि रागवायचं नाही, ही आमची रीत. गप्प बसली ती हरली. तोंडी शिवीला तोंडी उत्तर, लेखीला लेखी. आता काय करू?

२ जानेवारी
वर्गात गेले. फक्त उत्तरापुरती! शिक्षक इसिफू, माझाच जुना विद्यार्थी. "उशीर झाला, मादाम. पाटी आणलीत? मागे बसा." माझीच वाक्यं मला ऐकवतो!

८ जानेवारी
शेपटीवाला न जमला. शेपूट जरा लांबच.

२१ जानेवारी
तिच्या टोपल्यांमागच्या फळीवर लिहून आले: "तुझे कांदे तुला बघून रडतात." सगळा बाजार हसला! ती मात्र गप्प. गळ्याभोवती ओढणी. घसा बसलाय म्हणे, वाळवंटी वाऱ्याची धूळ.
"तोंडाने बोल की!" मी ओरडले.
तिने पाटीवर लिहिलं: "तू वाच की!"
माज बघा!

९ फेब्रुवारी
हदिझाला कोतोनूच्या इस्पितळात नेलं. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही! दार कोरं. पुसायलाही काही नाही.

३ मार्च
आज परतली. गळ्याला पट्टी. घशातल्या गाठीबरोबर आवाजही गेला — कायमचा.
तिची मुलगी म्हणाली, "आईला पावसाळ्यापासून ठाऊक होतं, मावशी. म्हणायची, 'मी लिहायला शिकेन, पण वाचणार कोण? चिडवल्याशिवाय ती शेळी शिकायची नाही.'"
हदिझाने पाटी पुढे केली: "शेळे, किती वेळ लावलास!"
मी खडू घेतला. खाली लिहिलं: "तुझा आवाज तसाही कावळ्याचाच होता."
तिचे खांदे गदगदा हलले. मग तिने खडूसाठी हात पुढे केला.